मौनीमास्तर मागे बसतात

आमचे हे बोलत नाहीत. भांडण झालं म्हणून नव्हे, राग आला म्हणूनही नव्हे, मुळातच बोलत नाहीत. लग्न ठरताना आईनं 'मुलगा शांत आहे' म्हणून कौतुक केलं होतं. शांत आणि मुका यांत फरक असतो हे तिला कोण सांगणार! भाजीत मीठ जास्त झालं तर हे पाण्याचा पेला जरासा पुढे सरकवतात. झाली तक्रार. पोट भरलं की ताटावर आडवा तळवा. माझं म्हणणं पटलं तर भुवई वर, नाही पटलं तर मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि तीही इतकी हलकी की बघणाऱ्याची पापणी लवली तर उत्तर हुकलंच. मी औषधांच्या दुकानात काम करते. 'सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, सांगा बरं परत' असं दिवसभर बोलणं हाच माझा धंदा. घरी आले की यांचं सगळं म्हणणं डोळ्यांनी ऐकायचं. लेक म्हणते, "आई, आपल्याकडे रेडिओ कशाला हवा? तू आहेस की."

आणि असा हा माणूस शिक्षक. हवाईदलाच्या शाळेत नव्या पोरांना विमान उडवायला शिकवणारा. पोरांनी यांचं नाव ठेवलं होतं मौनीमास्तर. नाव ठेवलं तरी पोरं यांच्याच हाताखाली शिकायला धडपडायची. दुसरे शिक्षक विमानात आरडाओरडा करायचे, कानातल्या फोनमधून पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि हे आपले गप्प. "मास्तरांच्या शेजारी बसलं की विमान आपोआप सरळ जातं," असं एक पोरगं आमच्या ओट्याला टेकून मला सांगून गेलं होतं.

त्यात आपोआप काही नव्हतं. त्या जुन्या विमानात दोन खुर्च्या शेजारी शेजारी होत्या, मोटारीत असतात तशा. दोघांच्या पुढ्यात एकेक स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, आणि त्या दोन्ही स्टिक खालून एकमेकींना जोडलेल्या, एक हलली की दुसरी हललीच. जागा इतकी कमी की खांद्याला खांदा घासायचा. हे पोरांच्या चेहऱ्याकडे बघायचेच नाहीत. बघायचे गुडघा. पोरगं घाबरलं की त्याचा डावा गुडघा आत वळतो म्हणे. बोटांची पेरं पांढरी पडली की त्यानं स्टिक आवळलीय. आवंढा गिळला की त्याला आता उतरायचंय. जिथे चुकेल तिथे हे आपली स्टिक दोन बोटांनी हलकेच ढकलायचे, झालं. आणि 'आता तू उडव' म्हणायचं असलं की दोन्ही हात वर उचलून तळवे दाखवायचे. पोराला डोळ्याच्या कोपऱ्यातून ते दिसायचं, ते स्टिक धरायचं. एका शब्दाचंही काम नाही. आमचा संसार जसा चालला होता तशीच ती शाळा चालली होती, आणि दोन्ही ठीक चालली होती.

मग एक दिवस जेवताना हे स्वतःहून एक वाक्य बोलले. माझा हात भांड्यातच राहिला.

"नवीन विमानं येणार आहेत. एकामागे एक."

मला वाटलं एकामागे एक येणार आहेत, म्हणजे पुष्कळ येणार आहेत. लेकीनं उलगडा केला. विमानं नव्हेत, खुर्च्या एकामागे एक. पुढे पोरगं, मागे मास्तर. मागची खुर्ची जरा उंच, म्हणजे मास्तरांना पोराच्या डोक्यावरून पुढचं दिसावं.

"मग गुडघा कसा दिसणार?" मी विचारलं.

यांनी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे.

खुर्च्या अशा का, तेही मी माहिती करून घेतलं, कारण मला उगाच कोणी काही बदललेलं खपत नाही. एकामागे एक बसवलं की विमान सडपातळ होतं, जोरात जातं. दोघांनाही दोन्ही बाजूंचं आभाळ मोकळं दिसतं. आणि पुढे लढाऊ विमानात माणूस एकटाच बसतो, तेव्हा पोराला शेजारी कोणी नसण्याची सवय आधीपासून लागलेली बरी. सगळी कारणं सोळा आणे खरी. माझी एकाही कारणाशी तक्रार नव्हती. माझी तक्रार एवढीच होती की ज्या माणसानं उभा जन्म हातानं बोलण्यात घालवला, त्याला तुम्ही दुसऱ्याच्या पाठीमागे नेऊन बसवताय.

कुटुंबांना विमान दाखवायचा दिवस आला तेव्हा मी मागच्या खुर्चीत चढून बसले. समोर काय, तर पुढच्या खुर्चीची पाठ. तिथे बसलेल्याचं फक्त हेल्मेट दिसलं असतं. शिडीवर एक मेकॅनिक उभा होता, गोड पोरगा. त्यानं मला मांड्यांच्या मधलं हँडल दाखवलं आणि हात लावू नका म्हणून सांगितलं. ते ओढलं की छत उडतं आणि खुर्ची माणसासकट बाहेर फेकली जाते.

"आणि पुढची खुर्ची?"

"तीपण जाते, काकू. मागून ओढलं तरी दोन्ही जातात. पण आधी मागची, मग पुढची. पुढची आधी गेली तर तिच्या आगीत मागचा भाजेल ना."

"मध्ये किती वेळ?"

त्यानं टिचकी वाजवली. "एवढाच."

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. मी खाली उतरले, साडीला लागलेलं तेल रुमालानं पुसत राहिले आणि कोणाला काही बोलले नाही. मी, आणि बोलले नाही! घरी कोणाच्या लक्षातही आलं नाही.

नव्या विमानात नियम होता. स्टिक देताना म्हणायचं 'तुझ्याकडे'. घेणाऱ्यानं म्हणायचं 'माझ्याकडे'. मग देणाऱ्यानं परत एकदा 'तुझ्याकडे'. तीन वेळा बोलल्याशिवाय हात सोडायचा नाही. इतर शिक्षकांना सोपं गेलं, त्यांची तोंडं चालूच असायची. यांना मात्र ही पोपटपंची वाटायची. वाटायची म्हणजे, नियमाचा विषय निघाला की यांच्या ओठाचा एक कोपरा खाली जायचा.

नव्याचे नऊ दिवस सरले आणि एका दुपारी हे लवकर घरी आले. मोरीत जाऊन हात धूत राहिले. पाणी वाहण्याचा आवाज थांबेना तेव्हा मी जाऊन नळ बंद केला. मग खुर्चीत बसून, तुटक तुटक, यांनी सांगितलं.

वर, बऱ्याच उंचीवर, एक वळण दाखवून झाल्यावर यांनी दोन्ही हात उचलले. जुन्या सवयीनं. तळवे दाखवले, हेल्मेटच्या पाठीला. पुढच्या पोराला वाटलं, मास्तर अजून काहीतरी दाखवताहेत, म्हणून तेही हात मांडीवर ठेवून बघत बसलं. विमान सरळ चाललं होतं, अगदी मऊ, डुलकी घेतल्यासारखं.

"आणि मला," हे म्हणाले, "मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, पोराला आज जमलं."

"आणि उडवत कोण होतं?"

"कोणीच नाही."

मग विमानाचं नाक हळूहळू खाली गेलं आणि पोरानं विचारलं, 'मास्तर, हे काय दाखवताय?' तेव्हा कुठे उलगडा झाला. उंची होती म्हणून निभावलं. यांनी वरिष्ठांना त्याच दिवशी जाऊन सांगितलं, लपवाछपवी यांच्या रक्तात नाही. वरिष्ठ जुने मित्र. ते हसले म्हणे. "सुरुवातीला होतं असं. शब्द घोकून टाक."

मी हसले नाही. मी म्हटलं, "जुन्या विमानांचा एक वर्ग अजून आहे ना शाळेत? तिकडे बदली मागा. शेजारी बसा."

मान. डावीकडे, उजवीकडे.

"का?"

"मागे बसणारे कमी आहेत," हे म्हणाले. थोड्या वेळानं आणखी एक वाक्य आलं. "आता सोडलं तर पळालो म्हणतील."

म्हणतील तर म्हणू देत! पण माणूस बोलत नसला म्हणून त्याला अभिमान नसतो असं थोडंच आहे.

तेव्हा मीच शाळा काढली. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या बाहेरच्या खोलीत एकामागे एक लावल्या. मी पुढे, हे मागे. माझ्या हातात लाटणं, यांच्या हातात कालथा. लेक सोफ्यावर पोट धरून हसत होती. मी म्हटलं, "द्या स्टिक." मागून काही नाही. "द्या ना!" तरी काही नाही. मला समोर फक्त भिंत दिसत होती, भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा दिसत होता. मागे माणूस आहे की उठून गेला, तेही कळेना. श्वासही ऐकू येईना. मला अचानक अशी भीती वाटली की काय सांगू. मी वळून बघितलं तर हे दोन्ही तळवे वर करून बसलेले, चेहऱ्यावर शहाण्या मुलासारखा भाव. दिली की, असा.

मी रडले. लाटणं फेकलं आणि रडले. "मला डोळे पुढे आहेत हो, मागे नाहीत! त्या पोरांनाही पुढेच आहेत!"

त्या रडण्याचा उपयोग झाला. हे घोकायला लागले. महिनाभरात घरात उच्छाद झाला. बादली देताना 'तुझ्याकडे'. वर्तमानपत्र देताना 'तुझ्याकडे'. मी 'माझ्याकडे' म्हटल्याशिवाय हात सोडेनात. लेक तर दाराची चावी घेताना सलाम ठोकून 'माझ्याकडे, मास्तर' म्हणायची. शाळेतूनही निरोप आला की मौनीमास्तरांना वाचा फुटली. माझ्या जिवात जीव आला, आणि तरी पुरता आला नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही म्हण मी त्या दिवसांत मनातसुद्धा पुरी म्हणत नव्हते.

त्या वर्षी यांच्याकडे जो मुलगा आला त्याला सगळे लांबू म्हणायचे. खरोखरच ताडमाड. जुन्या विमानात त्याला घडी घालून बसवावं लागलं असतं, नव्यात तो मजेत बसायचा आणि यांना त्याच्या हेल्मेटशिवाय समोरचं फारसं काही दिसायचं नाही. घरी यायचा तेव्हा चौकटीत वाकून, "काकू, येऊ ना?" आणि उत्तराआधीच आत. हुशार होता. घाई मात्र फार. त्याच्या आईनं शाळेच्या मुलांचे गणवेश शिवून त्याला वाढवलं होतं, वडील लहानपणीच गेलेले. तो मला सांगायचा, "आई म्हणते, सरळ शिवण कोणालाही येते, वळणावर हात दिसतो." मी त्याला जास्तीची पोळी वाढायचे. यांच्याकडे बघून तो सगळं उलगडून सांगायचा, आज काय चुकलं, उद्या काय करायचं, आणि हे भुवई उचलायचे. टेबलाशी ते दोघं शेजारी बसायचे. तिथे त्याला सगळं कळायचं.

त्या दिवशी मी दुकानात एका आजोबांना खोकल्याच्या औषधाचं माप समजावत होते. काचा थरथरल्या. विमानतळाच्या गावात काचा थरथरतातच, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण नंतर जो आवाज यायला हवा, लांब जाणारा, तो आला नाही. आजोबा म्हणाले, "किती चमचे म्हणालात?" मी काउंटरची फळी वर करून बाहेर आले. गावाबाहेरच्या जलाशयाच्या बाजूला धूर होता.

हे वाचले. आधी मागची, मग पुढची. विमान तेव्हा इतकं खाली आणि इतकं कलतं होतं की टिचकीभर वेळात पुढची खुर्ची सुटली ती आभाळाकडे नाही, जमिनीकडे सुटली. एवढंच मला सांगण्यात आलं आणि एवढंच पुरे होतं.

यांच्या पाठीचा मणका दबला होता. दवाखान्यात मी पलंगाच्या शेजारी स्टूल ओढून बसले, अगदी यांच्या तोंडाजवळ, आणि हे बोलले. आयुष्यात बोलले नव्हते इतके बोलले, छताकडे बघत.

जलाशयावरून अगदी कमी उंचीनं जायचा धडा होता. स्टिक लांबूकडे दिलेली होती. तीन वेळा बोलून, नियमाप्रमाणे. काठ धरून वळताना तो जरा जास्त कलला, म्हणून यांनी दोन बोटांनी स्टिक हलकेच ढकलली. पूर्वी हजार वेळा ढकलली तशी. शेजारी बसलेल्या पोराला ती दोन बोटं दिसली असती, कळलं असतं, की मास्तरांनी फक्त जरा ढकललंय. पुढे बसलेल्याला काय, हातातली स्टिक आपणहून हलली एवढंच. त्यानं विचारलं, "मास्तर, तुमच्याकडे आहे ना?"

"मग?" मी म्हटलं.

"मी 'नाही' म्हणालो."

"म्हणालात?"

यांनी छतावरची नजर माझ्याकडे वळवली. मग मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. मला वाटलं, हे मला उत्तर देताहेत. मग कळलं की दाखवताहेत.

देण्याघेण्याचे शब्द आम्ही घोकले होते. प्रश्नाचं उत्तर कोणी घोकलं नव्हतं. आणि त्या पोरानं विचारलं तेही 'आहे ना?' असं. 'आहे का?' विचारलं असतं तर थांबला असता हो तो! 'का' विचारणारा उत्तराची वाट बघतो. 'ना' म्हणणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, समोरचा गप्प राहिला की झाला होकार. त्यानं हात काढून घेतले. आणि मागे यांना वाटत होतं, सांगून झालंय, पोरगं उडवतंय. पाण्याच्या इतक्या जवळ चूक कळायला फार वेळ मिळत नाही.

चौकशीला दोन अधिकारी आले. त्यांनी ध्वनिफीत ऐकलेली होती. "प्रश्नाला तुमचं उत्तर नाही," असं ते म्हणाले. "दिलं होतं," असं हे म्हणाले. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी दाराशी उभी होते. मला त्यांचाही राग आला आणि यांचाही, आणि कोणाचा जास्त ते ठरवता येईना.

लांबूची आई आमच्याकडे आली तेव्हा यांना पट्टा बांधून खुर्चीत बसवायला लागले होते. ठेंगणी बाई. एवढा उंच मुलगा हिचा, असं मनात आलंच. बोटांच्या टोकांना सुईचे बारीक काळे ठिपके. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं आणि हातातच धरून बसली. कोणी सांगितलं नव्हतं तिला काही. चौकशी चालू आहे, एवढंच म्हणत होते सगळे. यांच्यावर आरोप करायलाही ती आली नव्हती. मुलाच्या शेवटच्या वेळी जवळ होता तो माणूस तिला बघायचा होता.

"चांगला उडवायचा का हो तो?" तिनं विचारलं.

यांनी भुवया उचलल्या, मग जोरजोरात मान खाली-वर केली. तेवढं तिला कळलं. ती थोडी हसली.

"घाबरला होता का?"

"नाही," हे म्हणाले. आवाज फुटका आला.

"काही बोलला का शेवटी? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका, खरं तेच सांगा."

हे सांगणार नाहीत असं मला वाटलं, आणि सांगू नये असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण यांनी सांगितलं. शब्दन् शब्द.

"मला विचारलं त्यानं. 'मास्तर, तुमच्याकडे आहे ना?'"

"काय तुमच्याकडे?"

"विमान."

ती पुढे झुकली. "मग तुम्ही काय म्हणालात?"

हे तिच्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं. आणि यांनी मान हलवली, डावीकडे, उजवीकडे.

मग तिनं हात पुढे करून यांच्या गुडघ्यावर ठेवला. "राहू द्या," ती म्हणाली. "सांगवत नसेल तर राहू द्या."

ती उठायला लागली. पेला तिनं टेबलावर ठेवला. मी गप्प बसले असते तर ती तशीच गेली असती, या माणसाला दुःखानं बोलता आलं नाही असं समजून, आणि आम्हाला दोघांना ते सोयीचंच झालं असतं. पण मला नाही जमलं.

"बाई," मी म्हटलं, "ते सांगताहेत तुम्हाला. त्यांनी तेव्हा हेच केलं."

ती उभी राहिली होती तिथेच खाली बसली. यांच्याकडे बघत राहिली, मानेकडे, तोंडाकडे. तिला समजायला वेळ लागला, आणि तो वेळ मी जन्मात विसरणार नाही.

"पण तो तर पुढे बसला होता," ती म्हणाली.

"हो," हे म्हणाले. मोठ्यानं, स्पष्ट, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं.